अतिवास्तववाद आणि जादुई वास्तववाद: गल्लत कुठे होते

अतर्क्य घटना असलेली कथा वाचली की आपण 'अतिवास्तववादी' आणि 'जादुई वास्तववादी' ही विशेषणे सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. ही गल्लत समजण्यासारखी असली, तरी तिच्यामुळे दोन्हींचे मर्म निसटते, असे मला वाटते.

अतिवास्तववादाची वाट मनातून जाते. पहिल्या महायुद्धात मनोरुग्ण सैनिकांच्या रुग्णालयात काम करताना फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतों यांचा मनोविश्लेषक फ्रॉइडच्या विचारांशी परिचय झाला आणि १९२४ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या अतिवास्तववादाच्या जाहीरनाम्यात त्यांनी बुद्धीचा पहारा उठवून विचारांचा मूळ ओघ टिपण्याचे ध्येय मांडले. बेल्जियन चित्रकार रने माग्रीत यांच्या १९३८ मधील एका चित्रात संगमरवरी फायरप्लेसमधून रेल्वेचे इंजिन बाहेर येते. वर घड्याळ, दोन मेणबत्तीदाण्या आणि आरसा जागच्या जागी आहेत, इंजिनाचा धूर मात्र मुकाट्याने धुराड्यात जातो. खोलीत माणूस नाही. दचकायचे ते पाहणाऱ्याने, आणि चित्राचा हेतूही तोच आहे.

ही चळवळ प्राग, लंडन, कैरो, मेक्सिको अशी पसरत गेली. गल्लतीचे मूळही या प्रवासातच आहे, कारण क्युबाचे लेखक आलेहो कार्पेंतिएर १९२८ पासून दशकभर पॅरिसमध्ये याच मंडळींच्या सहवासात होते. पुढे १९४३ मध्ये ते हैती या कॅरिबियन देशात गेले आणि तेथील इतिहास व लोकश्रद्धा पाहिल्यावर त्यांना पॅरिसमधली नवलाई ओढूनताणून आणलेली वाटू लागली. 'जादुई वास्तववाद' ही संज्ञा कलासमीक्षक फ्रान्झ रो यांनी १९२५ मध्ये जर्मन चित्रकलेसंदर्भात वापरली होती. पण लॅटिन अमेरिकेतील कथनाला बळ मिळाले ते कार्पेंतिएर यांच्या १९४९ मधील हैतीवरील कादंबरीमुळे आणि तिच्या प्रस्तावनेमुळे.

त्या कादंबरीत १७५८ साली जाळल्या गेलेल्या माकांदाल या बंडखोर गुलामाचा मृत्युदंड येतो. दोर सुटतात, तो लोकांच्या डोक्यावरून झेपावतो आणि गुलाम जल्लोष करीत घरी परततात. त्याला पुन्हा पकडून आगीत लोटलेले फार थोड्यांना दिसते. इथे नवल कोणा एकाच्या स्वप्नातले नाही, ते सबंध समाजाच्या श्रद्धेतले आहे आणि त्यातली माणसे त्याने दचकत नाहीत. हाच समाज पुढे बंड करून उठतो.