पार्श्वभूमी: अ‍ॅबोरिजिनल वस्त्या, कॉर्टिसॉल आणि 2007 चा हस्तक्षेप

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅबोरिजिनल (मूलनिवासी) मुलांना घरातून उचलून संस्थांत ठेवण्याचा प्रकार 1970 च्या दशकापर्यंत चालला. त्यावरचा चौकशी अहवाल यायला 1997 उजाडले. दरम्यान 1995 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली भागातील अ‍ॅबोरिजिनल वस्त्यांमधला, लघवीतील कॉर्टिसॉल (ताणाशी जोडलेले हार्मोन) मोजणारा अभ्यास छापून आला होता.

ताण म्हणजे चढलेले कॉर्टिसॉल, हा समज इथे अपुरा पडतो. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात हे हार्मोन उसळी घेते आणि रात्रीपर्यंत उतरते. उत्तर क्वीन्सलँडमधील धडधाकट मूलनिवासी विद्यार्थ्यांमध्ये ही सकाळची उसळीच दबलेली आढळली (2017). ताण वर्षानुवर्षे टिकला की यंत्रणा अशी मंदावू शकते. त्यामुळे एखादा कमी आकडा पाहून ‘सगळे ठीक’ म्हणणे धोक्याचे.

टिकून राहिलेल्या ताणाचा विषय निघाला की चर्चा जून 2007 कडे वळतेच. बालकांच्या लैंगिक शोषणावरील अहवालाचा हवाला देऊन ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने देशाच्या उत्तरेकडील नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातील 73 अ‍ॅबोरिजिनल वस्त्यांत आणीबाणीचे उपाय लादले. मदतीला सैन्यही उतरवले. वस्तीच्या तोंडाशी दारू आणि अश्लील साहित्याला मनाई करणाऱ्या निळ्या पाट्या लागल्या. सरकारी भत्त्याची निम्मी रक्कम ठरावीक दुकानांतच खर्च करता येईल, असे बंधन आले. गरजू कोण, बेजबाबदार कोण, हे पाहिले गेले नाही. पत्ता वस्तीतला असला की पुरे. त्यासाठी वांशिक भेदभावविरोधी कायदाच बाजूला ठेवावा लागला, यातच सारे आले. काही अ‍ॅबोरिजिनल नेत्यांनी, त्यांत स्त्रियाही होत्या, या निर्णयाला पाठिंबा दिला होता, हेही खरे.

भत्त्यावरचे बंधन एकेका वस्तीत टप्प्याटप्प्याने लागू झाल्याने नंतर तुलना करता आली. गरोदरपणात ते वाट्याला आलेल्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे 85 ग्रॅमने कमी भरले. या अभ्यासात हार्मोन मोजलेले नव्हते. विस्कटलेला घरखर्च आणि आईवरचा ताण ही संभाव्य कारणे म्हणून पुढे आली. मुलांसाठीच आणलेल्या योजनेचा हा हिशेब.

2012 मध्ये हे उपाय दुसऱ्या कायद्याखाली गेले आणि तो कायदा 2022 मध्ये संपला. भत्त्यावरचे बंधन मात्र टेरिटरीत त्यानंतरही नव्या कार्डाच्या रूपाने चालू राहिले.