कॉड

कॉड हा उत्तर अटलांटिक महासागराच्या थंड पाण्यातला खाद्य मासा. शास्त्रीय नाव गॅडस मोरहुआ. अरबी समुद्रात तो मिळत नाही. मराठी घरांत त्याचे नाव पोहोचले ते कॉड लिव्हर ऑइलमुळे. त्याच्या यकृताच्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्वे भरपूर असतात, म्हणून मुलांना मुडदूस होऊ नये यासाठी ते पाजत.

पाठीवर तीन पर, पोटाखाली मागच्या बाजूस दोन, हनुवटीला एकच मिशी आणि कुशीवरून जाणारी फिकट रेघ या खुणांवरून कॉड ओळखता येतो. रंग हिरवट-करडा, समुद्रशैवालांत राहणाऱ्यांचा तांबूस. बाजारात येणारा मासा बहुधा मीटरभराच्या आतला असतो, पण १८९५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ तब्बल ९६ किलोंचा कॉड सापडला होता.

पश्चिमेला उत्तर कॅरोलायनापासून लॅब्राडोर-ग्रीनलंडपर्यंत आणि पूर्वेला बिस्केच्या उपसागरापासून बॅरेंट्स समुद्रापर्यंत त्याचा वावर आहे. बहुतेक कॉड दोनशे मीटरपर्यंतच्या खोलीवर, तळाच्या आसपास राहतात. पाणी शून्याखाली गेले तरी तो तग धरतो, कारण त्याच्या रक्तातली विशिष्ट प्रथिने बर्फाचे स्फटिक वाढू देत नाहीत. खाण्याच्या बाबतीत तो अधाशी आहे: कॅपेलिन, हेरिंग, कोलंबी, खेकडे आणि वेळप्रसंगी स्वतःच्या जातीची पिल्लेसुद्धा.

विणीच्या काळात नर वाताशयाभोवतीचे (पोटातल्या हवेच्या पिशवीभोवतीचे) स्नायू थरथरवून घुमल्यासारखा आवाज काढतो. मोठी मादी एका हंगामात काही दशलक्ष अंडी घालते. ती पाण्यात तरंगतात, पिल्ले प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि काही महिन्यांनी तळाशी उतरतात. त्यांतली फारच थोडी जगतात. म्हणूनच जुन्या, थोराड माद्यांची गाबोळी मोलाची; मासेमारीत पहिला बळी मात्र त्यांचाच जातो.

बॅरेंट्स समुद्रातले प्रौढ कॉड दर हिवाळ्यात शेकडो किलोमीटर पोहत नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ अंडी घालायला येतात. तिथे त्यांना धरून, मुंडकी काढून, शेपटीला शेपटी बांधून लाकडी मांडवांवर टांगतात. वेसावे-मढच्या कोळीवाड्यांत वलांडीवर वाळणारे बोंबील ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. फरक हवेचा: तिथे गोठणबिंदूच्या आसपासची थंडी आणि वारा मिठाविनाच काम करतात. कॉडची चरबी यकृतात साठते, मांसात जवळजवळ नसतेच; त्यामुळे सुका मासा खवट न होता वर्षानुवर्षे टिकतो. पोर्तुगीजांनी मीठ लावून वाळवलेला कॉड, म्हणजे बाकाल्याव, आपलासा केला. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही तो ओळखीचा आहे.

कॉडच्या इतिहासातले सर्वांत दुःखद पान कॅनडाच्या न्यूफाउंडलंडचे आहे. शतकानुशतके गळ आणि छोट्या जाळ्यांनी चाललेल्या मासेमारीत दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांचे महाकाय ट्रॉलर उतरले. १९६८ मध्ये तिथली पकड आठ लाख टनांच्या वर गेली. पुढे साठा घटत असतानाही उरलेले मासे दाट थवे करून एकत्र येत, आणि ध्वनिलहरींच्या यंत्रांनी ते अचूक सापडत. जाळी भरून येत राहिली म्हणून समुद्रातही मासा भरपूर आहे असा समज टिकला. किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार पकड घटल्याचे सांगत होते, पण त्यांचे वेळेवर ऐकले गेले नाही. २ जुलै १९९२ रोजी सरकारने व्यावसायिक मासेमारी थांबवली. बंदी दोन वर्षांसाठी होती. सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार गेला, किनाऱ्यावरची कितीतरी गावे ओस पडू लागली, आणि बंदी औपचारिकपणे उठायला २०२४ साल उजाडले.