मचूळ बावीला टीसीएल कशाला?

उन्हाळा वाढला की किनाऱ्यालगतच्या बावींचं पाणी मचूळ लागतं आणि प्रश्न येतोच: मिठात क्लोरीन आहे, मग वर टीसीएल पावडर, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर, कशाला?

मूलद्रव्य एकच, पण अवस्था वेगळी. क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत ७ इलेक्ट्रॉन असतात, आठव्यासाठी तो कशावरही तुटून पडतो. मिठात त्याला सोडियमकडून तो मिळालेला असतो. असा तृप्त क्लोराइड जंतूंना हात लावत नाही. टीसीएलमधला क्लोरीन ऑक्सिजनला जोडलेला असतो आणि ऑक्सिजनने त्याचाच इलेक्ट्रॉन ओढून धरलेला असतो. म्हणून त्याला एक नव्हे, दोन हवे असतात.

पावडर पाण्यात पडली की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. खरी गंमत इथे आहे. जंतूच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, या आम्लाच्या रेणूवर भारच नसतो. तो अडवला न जाता आत शिरतो आणि विकरांमधल्या (एन्झाइममधल्या) गंधकाचे इलेक्ट्रॉन हिसकावतो. विकरं निकामी, जंतू खलास. पाणी आम्लारीधर्मी असेल तर हेच आम्ल हायड्रोजन सोडून ऋणभारित हायपोक्लोराइट होतं आणि दारातूनच मागे ढकललं जातं. पीएच ६.५ असताना सुमारे ९० टक्के आम्लरूपात, ७.५ ला निम्मं, ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. जांभ्यातलं पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असतं, हे कोकणाचं भाग्यच! काम संपल्यावर हा क्लोरीन मिठातल्यासारखा क्लोराइड होतो, तेव्हा ‘केमिकलचं पाणी’ म्हणून घाबरू नये. नुसत्या तुरटीवरही विसंबू नये, तिने गढूळपणा बसतो, जंतू उरतात.

बाव ३ मीटर व्यासाची, पाणी ४ मीटर खोल: ०.७८५ × ३ × ३ × ४, म्हणजे सुमारे २८,००० लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम, म्हणून ७० ग्रॅम पावडर. थोड्या पाण्यात कालवून बादली पाऊण भरा, १० मिनिटं निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरीने पाण्याखाली सोडा, वरखाली हलवा. तळाचा चुना बावीत नको, पाणी जड होतं. तासभर उपसा बंद ठेवा, मग ओटी चाचणी घ्या, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचं द्रावण टाकून रंग पाहा. पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे. नाही आली, तर पाण्यातल्या लोहाने किंवा पालापाचोळ्याने तो खाल्ला, नाहीतर पावडरच मेलेली.

ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतो, पण पावसाळी दमटपणात तो उडून जातो. गुठळ्या झालेली पावडर याच हिशेबाने वापरू नये. ती घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, अंधारात ठेवावी. पत्र्याचा डबा तर नकोच, क्लोरीन पत्र्याचेही इलेक्ट्रॉन सोडत नाही.