चेहऱ्याच्या लकव्यावरील शस्त्रक्रिया

चेहऱ्याच्या लकव्यात गेलेली हालचाल परत आणण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांना एकत्रितपणे फेशियल रिअ‍ॅनिमेशन म्हणतात. डोळा मिटणे, हसणे, पाण्याचा घोट ओठांतून न सांडणे ही त्यांची मुख्य उद्दिष्टे. यात सर्वांना लागू पडेल असे एक ऑपरेशन नाही. नस कुठे तुटली, तुटून किती दिवस झाले आणि गालाचे स्नायू अजून जिवंत आहेत का, यावर सगळे अवलंबून असते.

चेहऱ्याचे स्नायू सातव्या मस्तिष्क चेतेच्या, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या सातव्या नसेच्या, ताब्यात असतात. ती कानामागून कवटीबाहेर पडते, गालातल्या पॅरोटिड लाळग्रंथीत शिरते आणि तिथून पाच शाखांनी कपाळापासून मानेपर्यंत पसरते. ‘तोंडावरून वारं गेलं’ असे लोक ज्याला म्हणतात, तो बहुधा बेल्स पाल्सी असतो. त्यात पहिल्या ७२ तासांत स्टिरॉइड सुरू केल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात आणि ऑपरेशनची गरज सहसा पडत नाही. श्रवणचेतेवरची किंवा लाळग्रंथीतली गाठ काढताना नस गेली, अपघातात कानामागचे हाड मोडले, गालावर खोल वार झाला किंवा मोबियस सिंड्रोमसारखा जन्मजात दोष असला, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

रुग्णाला हसू हवे असते, पण आधी सांभाळायचा तो डोळा. पापणी मिटत नसेल तर बुबुळ कोरडे पडून जखम होते आणि दृष्टी जाऊ शकते. वरच्या पापणीत सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे छोटे वजन बसवले की ती स्वतःच्या भाराने खाली येते. लोंबलेली खालची पापणी ताणून घेतात.

यानंतर प्रश्न येतो वेळेचा. नस तुटल्यावर साधारण वर्ष ते दोन वर्षांत स्नायू कायमचे सुकतात. दुरुस्त केलेली नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने पुढे सरकते, म्हणून ती स्नायूपर्यंत वेळेत पोहोचायला हवी. ‘ऑपरेशनसाठी थोडं थांबून बघू’ हा सल्ला बेल्स पाल्सीत योग्य ठरतो. नस तुटल्याचे माहीत असताना तो दिला, तर रुग्णाचा चांगला पर्याय हातचा जातो. ताज्या जखमेत दोन्ही टोके लगेच शिवणे सर्वांत उत्तम. अंतर पडले असेल तर पोटरीतल्या सुरल नसेचा तुकडा मध्ये जोडतात. मुळाकडचे टोकच उरले नसेल, तर चावण्याच्या मॅसेटर स्नायूची नस किंवा जिभेच्या नसेचा काही भाग चेहऱ्याच्या नसेला जोडतात.

स्नायूच गेले असतील तर नवे आणावे लागतात. प्लास्टिक सर्जन हॅरल्ड गिलीज यांनी १९३० च्या दशकात कानशिलाचा टेम्पोरॅलिस स्नायू यासाठी वळवला. या पद्धतीचा भारतात उपयोग झाला तो विशेषतः कुष्ठरोगात, कारण त्यात पापणीकडे जाणाऱ्या शाखा निकामी होऊन डोळा उघडा राहतो. स्नायूची पट्टी दोन्ही पापण्यांतून नाकाच्या बाजूपर्यंत नेतात. मग रुग्ण दात आवळून डोळा मिटायला शिकतो. कुष्ठरुग्णांसाठी आयुष्य वेचणारे मुंबईचे डॉ. नोशीर अँटिया हे गिलीज यांच्याच हाताखाली शिकले होते.

१९७६ साली जपानच्या कियोनोरी हारी व सहकाऱ्यांनी मांडीचा ग्रॅसिलिस स्नायू गालात बसवला आणि या शाखेला नवी दिशा मिळाली. स्नायूची पट्टी रक्तवाहिन्या व नसेसह कापून घेतात. कापण्याआधी तिच्यावर ठरावीक अंतरावर टाके घालून खुणा करतात, म्हणजे गालात शिवताना ताण मूळचाच राहतो. सैल बसली तर हसू उमटत नाही, घट्ट बसली तर ओठ कायम ओढलेला दिसतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने रक्तवाहिन्या जोडतात.

या नव्या स्नायूला चेतना कुठून द्यायची, हा खरा कळीचा निर्णय. मॅसेटरची नस जोरकस असते, एका ऑपरेशनमध्ये काम होते आणि काही महिन्यांत हालचाल दिसू लागते. पण सुरुवातीला हसण्यासाठी दात आवळावे लागतात. दुसऱ्या मार्गात निरोगी गालातल्या नसेपासून सुरल नसेचा तुकडा वरच्या ओठाखालून लकवा झालेल्या बाजूला नेतात. सहा ते बारा महिने वाट पाहायची. या काळात डॉक्टर ओठावर, मग गालावर बोटाने टिचकी मारून बघतात. जिथे झिणझिण्या येतात, तिथवर नस वाढलेली असते. ती पोहोचली की ग्रॅसिलिस बसवतात. ओढ तुलनेने कमी मिळते, पण कुणी विनोद केला की दोन्ही गाल आपोआप एकदम हलू शकतात. लहान मुलांसाठी थांबण्याची तयारी असेल तर हा मार्ग मोलाचा आहे.

वयस्कर किंवा अशक्त रुग्णांसाठी मांडीच्या फॅशिया लाटा पडद्याची पट्टी घालून तोंडाचा कोपरा वर उचलून धरतात. त्याने हालचाल येत नाही, पण जेवताना घास सांडणे कमी होते.

नस परत वाढताना चुकीच्या स्नायूंना जाऊन मिळाली, तर हसताना डोळा मिटतो. याला सिंकायनेसिस म्हणतात. त्यावर आरशासमोरचे फिजिओथेरपीचे व्यायाम, स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने आणि निवडक शाखा छेदणे हे उपाय आहेत. कपाळाच्या आठ्या मात्र क्वचितच परत येतात. तिथे भुवई उचलून बसवण्यावरच समाधान मानावे लागते.