संयुक्त राष्ट्र दिन

संयुक्त राष्ट्र दिन : संयुक्त राष्ट्रांची सनद अंमलात आल्याच्या स्मरणार्थ दरवर्षी २४ ऑक्टोबर रोजी पाळला जाणारा आंतरराष्ट्रीय दिन. शाळांच्या दिनविशेष फलकांवर तो ‘युनो दिन’ म्हणूनही लिहिलेला आढळतो. आमसभेने ३१ ऑक्टोबर १९४७ रोजी ठराव १६८ (२) संमत करून ही तारीख ठरवली. संस्थेची उद्दिष्टे व कामगिरी जगातील लोकांपर्यंत पोचवणे आणि तिच्या कार्याला त्यांचा पाठिंबा मिळवणे, हा हेतू ठरावातच नमूद आहे. त्याच महिन्यात, २० ऑक्टोबरला, संस्थेचा ध्वजही स्वीकृत झाला होता.

तारखेचा प्रश्न : या दिवसाला सरसकट ‘स्थापना दिन’ म्हटले जाते, ते चूक नसले तरी सैल आहे. स्थापनेचा मान सांगू शकतील अशा तारखा एकाहून अधिक आहेत. ‘संयुक्त राष्ट्रे’ हे नाव युद्धकाळात १ जानेवारी १९४२ च्या जाहीरनाम्यात आले. सॅन फ्रान्सिस्को परिषदेत ५० राष्ट्रांनी सनदेवर सह्या केल्या त्या २६ जून १९४५ रोजी, तर आमसभा प्रथम भरली ती १० जानेवारी १९४६ रोजी लंडनमध्ये. जून १९४२ मध्येही मित्रराष्ट्रांनी याच नावाने एक दिवस पाळला होता. मात्र तो युद्धप्रयत्नांचा भाग होता आणि सनद तर तेव्हा लिहिलीही गेली नव्हती. त्याला आजच्या दिनाचा पूर्वज मानण्यापेक्षा केवळ नामसाधर्म्य मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

२४ ऑक्टोबरची निवड सनदेच्या ११० व्या अनुच्छेदावर आधारलेली आहे. चीन, फ्रान्स, सोव्हिएट संघ, ब्रिटन व अमेरिका ही पाच राष्ट्रे आणि सही करणाऱ्या उरलेल्या राष्ट्रांपैकी बहुसंख्य, यांची अनुसमर्थनपत्रे (सनदेला अंतिम मान्यता कळवणारी पत्रे) अमेरिकी सरकारकडे जमा झाली की सनद लागू व्हावी, अशी ती तरतूद. पाचांपैकी अमेरिकेने ८ ऑगस्टला, फ्रान्सने ३१ ऑगस्टला, चीनने २८ सप्टेंबरला आणि ब्रिटनने २० ऑक्टोबरला आपली पत्रे दिली. सोव्हिएट संघाचे पत्र २४ ऑक्टोबरला दाखल झाले. बेलारूस, युक्रेन आणि पोलंड यांच्या सदस्यत्वाची तारीखही हीच.

पोलंडची गोष्ट येथे महत्त्वाची. सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा प्रतिनिधी नव्हता. त्याने १५ ऑक्टोबर १९४५ रोजी सही केली आणि तो ५१ वा संस्थापक सदस्य ठरला. त्यामुळे पाच बड्या राष्ट्रांखेरीज ४६ राष्ट्रे उरली व बहुमतासाठी २४ पत्रे लागणार होती. २४ ऑक्टोबरला एकूण संख्या २९ झाली, म्हणजे पाच अधिक चोवीस, नेमकी लागेल तेवढीच. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बर्न्स यांनी तशा नोंदपत्रावर सही केली आणि सनद अंमलात आली. समारंभ असा सॅन फ्रान्सिस्कोलाच झाला होता. वॉशिंग्टनमध्ये झाले ते कागदपत्रांचे काम. तरी वर्धापनदिनाचा मान या दुसऱ्या तारखेला मिळाला, आणि कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

भारत : भारत संस्थापक सदस्य असला तरी वरील २९ राष्ट्रांत नव्हता. त्याचे सदस्यत्व ३० ऑक्टोबर १९४५ पासून धरले जाते. सनदेवर भारतातर्फे ए. रामस्वामी मुदलियार व व्ही. टी. कृष्णमाचारी यांनी सह्या केल्या. हे शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारने नेमलेले होते. ते भारतीय जनतेचे प्रतिनिधी नाही, असे विजयालक्ष्मी पंडित यांनी त्याच वेळी सॅन फ्रान्सिस्कोत परिषदेबाहेरून मांडले. पुढे १९५३ मध्ये पंडित याच आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९६२ ते १९६४ या काळात त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या.

भारतीय डाक खात्याने १९५४ मध्ये या दिनानिमित्त दोन आण्यांचे तिकीट काढले. दिनाला सुटी नसते. महाराष्ट्रात तो सहामाही परीक्षा किंवा दिवाळीच्या सुटीच्या आसपास येतो, त्यामुळे शाळांतून बहुधा निबंध-भाषणांवरच भागते. भारतीय ध्वजसंहितेनुसार (२००२) राष्ट्रध्वज संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजासोबत फडकवायचा असल्यास तो त्याच्या कोणत्याही बाजूस असू शकतो. तथापि प्रघात, ध्वजाचे तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेच्या संदर्भात, राष्ट्रध्वज अगदी उजवीकडे ठेवण्याचा आहे.

पाळण्याच्या रीती : सदस्य राष्ट्रांनी हा दिवस सार्वजनिक सुटीचा करावा, अशी शिफारस आमसभेने १९७१ मध्ये ठराव २७८२ (२६) द्वारे केली. शिफारस ती शिफारसच. बहुतेक राष्ट्रांनी ती मनावर घेतली नाही. स्वीडनमध्ये हा अधिकृत ध्वजदिन आहे. फिलिपीन्समधील शाळांत मुले निरनिराळ्या देशांचे पोशाख घालून मिरवणूक काढतात. न्यूयॉर्क येथील मुख्यालयाची कोनशिला २४ ऑक्टोबर १९४९ रोजी बसवण्यात आली आणि संस्थेची स्वतःची टपाल तिकिटे १९५१ मध्ये याच तारखेला विक्रीस आली.

आमसभेच्या सभागृहात या निमित्ताने संगीताचे कार्यक्रम होतात. ऑक्टोबर १९६६ मध्ये तेथे एम. एस. सुब्बुलक्ष्मी गायल्या. कांचीच्या शंकराचार्यांनी या प्रसंगासाठी रचलेले ‘मैत्रीं भजत’ हे संस्कृत गीत कर्नाटक संगीताच्या मैफिलींत आजही ऐकू येते. १९७१ मध्ये चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनी, वयाच्या ९४ व्या वर्षी, संयुक्त राष्ट्रांसाठी स्वरबद्ध केलेल्या स्तोत्राचे संचालन केले. त्याचे शब्द कवी ऑडेन यांचे. सरचिटणीस ऊ थांट यांच्या विनंतीवरून ते रचले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत गीताचा दर्जा मात्र त्याला नाही.

इतर दिन : २४ ऑक्टोबरपासूनच निःशस्त्रीकरण सप्ताह सुरू होतो (१९७८ पासून) आणि जागतिक विकास माहिती दिनही (१९७२) त्याच तारखेला येतो. २१ सप्टेंबरचा आंतरराष्ट्रीय शांतता दिन यांहून वेगळा. तो १९८१ च्या ठरावाने आला. आरंभी तो सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी असे. निश्चित तारीख २००१ च्या ठरावाने मिळाली. मुख्यालयात त्या दिवशी वाजवली जाणारी शांतिघंटा जपानमधून १९५४ मध्ये भेट आलेली असून ती अनेक देशांतून जमवलेल्या नाण्यांच्या धातूची आहे. बहुपक्षीयता व शांततेसाठी राजनय यांना वाहिलेला २४ एप्रिलचा दिन या दिनांमध्ये सर्वांत अलीकडचा (ठराव ७३/१२७, २०१८).