इनर स्फिअर आणि स्टार लीग एकच नाही

बॅटलटेक हा भविष्यातल्या अंतराळयुद्धांचा खेळ नवीन नवीन खेळायला लागलेले बरेच जण इनर स्फिअर आणि स्टार लीग हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतात. दोन्हीत तीच पाच घराणी दिसतात त्यामुळे गोंधळ होणारच, पण तो सुटला नाही तर ही लोकं तीनशे वर्षं कशासाठी भांडतायत तेच कळत नाही.

इनर स्फिअर म्हणजे जागा. टेरा, म्हणजे आपली पृथ्वी, मधोमध धरली की चहूबाजूंनी साधारण ५०० प्रकाशवर्षांपर्यंत माणसांनी वसवलेले तारे. आता खानदेश म्हटलं की कुठला भाग ते कळतं पण खानदेश सरकार असं काही नाही ना, तसंच. राज्यं आहेत ती आतल्या घराण्यांची: डेव्हियनांचं फेडरेटेड सन्स, कुरिटांचं ड्रॅकोनिस कम्बाइन, लियाओंचं कॅपेलन कॉन्फेडरेशन, मारिकांची फ्री वर्ल्ड्स लीग, स्टायनरांचं लायरन कॉमनवेल्थ.

स्टार लीग ही सत्ता होती. २५७१ मध्ये टेरन हेजेमनीच्या, म्हणजे टेराभोवतीच्या राज्याच्या, इयन कॅमेरॉनने या पाचही घराण्यांना एका कौन्सिलमध्ये बसवलं आणि स्वतः फर्स्ट लॉर्ड, म्हणजे लीगचा प्रमुख झाला. हे मला खरंच मोठं काम वाटतं, कारण जंपशिप, म्हणजे एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर उडी मारणारं जहाज, एका उडीत फार तर ३० प्रकाशवर्षं जाते, मग पाल पसरून ताऱ्याच्या उजेडावर चार्ज व्हायला आठवडाभर तरी थांबायचं, म्हणजे टेरापासून कडेला पोचायला सतरा उड्या आणि चारेक महिने, आणि एवढ्या अंतरावरून कारभार चालवायचा.

बरं, दोघांच्या सीमासुद्धा जुळत नाहीत. रियुनिफिकेशन वॉरमध्ये (२५७७ ते २५९७) लीगने पेरिफेरीतली, म्हणजे इनर स्फिअरच्या बाहेरच्या पट्ट्यातली, टॉरियन कॉनकॉर्डॅट, कॅनोपस वगैरे राज्यं जबरदस्तीने आत घेतली. म्हणजे टॉरियन लोकं लीगमध्ये होती पण इनर स्फिअरमध्ये कधीच नव्हती. आणि पेरिफेरीतल्या राज्यांचा राग आपण समजून घ्यायला हवा, त्यांच्यासाठी ते सुवर्णयुग वगैरे काही नव्हतं.

२७६६ मध्ये पेरिफेरीतल्या एका राज्याचा शासक अमॅरिसने तेव्हाचा फर्स्ट लॉर्ड रिचर्ड कॅमेरॉनला मारून सिंहासन बळकावलं, लीगचा सेनापती केरेन्स्कीने टेरा २७७९ मध्ये सोडवली, पण पुढचा फर्स्ट लॉर्ड कोण यावर पाच घराण्यांचं एकमत होईना, शेवटी २७८४ मध्ये केरेन्स्की बहुतेक सगळं सैन्य घेऊन अज्ञातात निघून गेला. लीग संपली, इनर स्फिअर जागच्या जागी राहिला, आणि २७८६ पासून सक्सेशन वॉर्स, म्हणजे घराण्यांची वारसायुद्धं, सुरू झाली ती त्या रिकाम्या गादीसाठी. केरेन्स्कीबरोबर गेलेल्यांचेच वंशज क्लॅन्स बनून परत आले, तेही लीग पुन्हा उभी करायचीय म्हणतच.

३०५८ मध्ये घराण्यांनी दुसरी स्टार लीग काढली तेव्हा तर उलटंच झालं, जेड फाल्कन या क्लॅनने जिंकलेले ग्रह इनर स्फिअरमध्ये होते पण लीगमध्ये नव्हते. म्हणून नकाशा उघडला की आधी कोपऱ्यातलं साल बघा.