टॅटू असताना पाणबुड्या होता येते का? नौदल, एनडीआरएफ आणि स्कुबा प्रशिक्षकाच्या वाटेवरील पात्रता व कागदपत्रे

दंडावर राजमुद्रा गोंदवून घेतलेला, समुद्रात मासोळीसारखा पोहणारा मुलगा लेखी परीक्षा आणि धावण्याची चाचणी पार करतो आणि वैद्यकीय तपासणीच्या खोलीतून पाच मिनिटांत अपात्र ठरून बाहेर येतो. हे दृश्य मी किनारपट्टीवर इतक्यांदा पाहिले आहे की, प्रशिक्षणाचे शुल्क किंवा अर्जाची तारीख सांगण्याआधी मी आता टॅटूबद्दल विचारतो. पाण्याखाली काम करण्याच्या वाटा अनेक आहेत आणि प्रत्येक वाटेवर त्याच टॅटूला वेगळा नियम लागू होतो, हे मुलांना कोणी वेळेवर सांगत नाही.

नौदलात पाणबुड्या, म्हणजे डायव्हर, व्हायचे असेल, तर आधी नाविक किंवा अधिकारी म्हणून भरती व्हावे लागते आणि डायव्हिंगचे प्रशिक्षण कोचीच्या नौदल डायव्हिंग स्कूलमध्ये त्यानंतर मिळते. त्यामुळे टॅटूचा प्रश्न डायव्हिंग स्कूलपर्यंत पोहोचतच नाही, तो भरतीच्या दारातच निकाली निघतो. नौदलाच्या भरती जाहिरातींतील नियमानुसार कायमस्वरूपी टॅटू केवळ हाताच्या आतल्या बाजूला, म्हणजे कोपराच्या आतील भागापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. शरीरावर इतरत्र कोठेही असलेला टॅटू उमेदवाराला निवडीतून बाद करतो. सर्वाधिक अर्ज इथेच अडतात, कारण ‘हातावर चालतो’ एवढेच ऐकून दंडावरचा, खांद्यावरचा किंवा मनगटाभोवती कड्यासारखा फिरवलेला टॅटूही चालेल, असे मुले गृहीत धरतात. दंड कोपराच्या वर आहे आणि कड्याचा अर्धा भाग हाताच्या बाहेरच्या बाजूला येतो, म्हणून दोन्ही बसत नाहीत. शर्टाच्या आत असलेला टॅटू दिसणार नाही, ही समजूत तर सर्वांत महागात पडते. तपासणी कपडे उतरवून होते आणि निवड झाल्यावर ओडिशातील आयएनएस चिल्का येथे प्रशिक्षणाला पोहोचल्यावर ती पुन्हा होते.

जाहिरात आल्यावर लेझरने टॅटू काढण्यासाठी धावणाऱ्यांना मी कळकळीने थांबवतो. लेझरची अनेक सत्रे लागतात, दोन सत्रांमध्ये साधारण सहा ते आठ आठवडे जावे लागतात, आणि त्यानंतरही पुसट खूण किंवा व्रण राहू शकतो, जो वैद्यकीय मंडळाला दिसणारच. हे काम करायचेच असेल, तर अर्जाच्या किमान वर्षभर आधी सुरू करावे. अग्निवीर भरतीसाठी वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस वर्षे इतकी अरुंद असल्यामुळे एक वर्ष वाया जाणे म्हणजे अनेकांसाठी संधीच जाणे असते. ही मर्यादा जाहिरातीत वयाने नव्हे, तर दोन जन्मतारखांनी दिलेली असते आणि ती प्रत्येक तुकडीसाठी बदलते, म्हणून मागच्या वर्षीची जाहिरात पाहून हिशेब करू नये. अपात्र ठरल्यावर पुनर्तपासणीची सोय असते, पण चुकीच्या जागी असलेला टॅटू पुनर्तपासणीतही त्याच जागी असतो. त्या खटपटीत पैसे घालण्याआधी एवढा विचार करावा.

पारंपरिक गोंदणाला नियमांत वेगळी वागणूक आहे, पण ती फार थोड्यांना माहीत असते आणि अनेकदा चुकीची माहीत असते. आदिवासी समाजातील उमेदवारांच्या चेहऱ्यावर किंवा अंगावर रूढीप्रमाणे गोंदण असेल, तर प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे पाहून परवानगी दिली जाते. याचा अर्थ परवानगी आपोआप मिळत नाही. गोंड, कोरकू किंवा माडिया घरातल्या मुलीने जमातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र तपासणीच्या दिवशी सोबत ठेवावे, हे सर्वांत शहाणपणाचे. वैधता प्रमाणपत्राला अनेक महिने लागतात आणि जात पडताळणी समितीपुढच्या फेऱ्यांमध्ये गरीब घरांची जी दमछाक होते ती पाहवत नाही, म्हणून बारावीत असतानाच तो अर्ज करावा. गोंदण ही समाजाची रूढी आहे असे सांगणारा कागद कोणाकडेच नसतो आणि त्याचा ठरलेला नमुनाही माझ्या पाहण्यात नाही. तरीही ग्रामसभेचे पत्र आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या तशाच गोंदणाची छायाचित्रे जवळ ठेवावीत, असा माझा सल्ला आहे. सोनकोळी घरातल्या मुलीच्या कपाळावर आजीने हौसेने गोंदवलेला ठिपका मात्र या सवलतीत बसत नाही, कारण परंपरा असली तरी तो समाज अनुसूचित जमातीत मोडत नाही. हा भेद मला अन्यायाचा वाटतो, पण अर्ज भरताना तो लक्षात ठेवावाच लागतो.

एनडीआरएफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात, पाणबुड्या म्हणून काम करण्याची इच्छा असणाऱ्यांना पुण्याजवळच्या सुदुंबरे येथील तुकडी जवळची वाटते, परंतु तेथील जवान सीआरपीएफ, बीएसएफ यांसारख्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात, म्हणजे टॅटूचा नियमही त्या दलांचाच लागतो. तो नौदलापेक्षा वेगळा आहे. टॅटू डाव्या हाताच्या आतल्या बाजूला चालतो, कारण सलाम उजव्या हाताने केला जातो. तळहाताच्या मागच्या बाजूलाही तो चालतो, पण दोन्ही ठिकाणी त्याचा आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी असावा लागतो. उजव्या हाताच्या आतल्या बाजूचा टॅटू नौदलात चालतो आणि इथे अडतो. दोन्हीकडे अर्ज करणाऱ्यांनी अधिक कडक नियम पाळावा.

पर्यटकांना स्कुबा शिकवणाऱ्या व्यवसायात चित्र पूर्ण वेगळे आहे. पॅडीसारख्या स्कुबाची प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांच्या अभ्यासक्रमांत टॅटूवर बंदी नाही. डाइव्हमास्टर, म्हणजे प्रशिक्षकाच्या खालच्या पायरीसाठी वय 18 पूर्ण, सुरुवातीला 40 आणि प्रमाणपत्रासाठी 60 नोंदवलेल्या डाइव्ह, तर प्रशिक्षकासाठी 100 डाइव्ह लागतात. मानेवरच्या टॅटूची काळजी करत आलेली मुले प्रत्यक्षात अडतात ती ‘नोंदवलेल्या’ या शब्दावर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास वर्षानुवर्षे पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या मुलांकडे तारीख, खोली, वेळ आणि सही असलेली लॉगबुक नसते. आजपासून ती लिहायला घ्यावी. मान, चेहरा आणि बोटे वेटसूटबाहेर, म्हणजे पाण्यात घालायच्या घट्ट पोशाखाबाहेर राहतात, त्यामुळे मोठ्या रिसॉर्टचे दिसण्याबाबतचे नियम नोकरी स्वीकारण्याआधी लेखी मागून घ्यावेत.

परदेशातील नोकरीसाठी दोन गोष्टी सांगतो. आखाती देशांच्या व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या चाचण्या होतात, म्हणून जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेऊ नये. अंगावर बुद्धाची प्रतिमा असेल, तर श्रीलंकेतील काम स्वीकारताना विचार करावा. 2014 मध्ये अशा टॅटूमुळे एका ब्रिटिश महिला पर्यटकाला तेथून परत पाठवण्यात आले होते.

नवा टॅटू आणि अभ्यासक्रम एकाच महिन्यात ठेवू नये. जखम भरेपर्यंत, म्हणजे किमान दोन ते चार आठवडे, समुद्रात उतरू नये. ताज्या टॅटूसह मेक्सिकोच्या आखातात पोहलेल्या आणि यकृताचा आजार असलेल्या एका पुरुषाचा व्हिब्रिओ जीवाणूच्या संसर्गाने मृत्यू झाल्याची नोंद 2017 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. शिवाय डाइव्हआधीच्या आरोग्य प्रश्नावलीत टॅटूबद्दल प्रश्न नसला, तरी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांबद्दल आहे. टॅटू पिकला आणि प्रतिजैविके सुरू झाली, तर त्या प्रश्नाला ‘होय’ लिहावे लागते आणि डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरता येत नाही. नवा टॅटू गोंदवायचाच असेल, तर मालवणात स्कुबा बंद असते त्या पावसाळ्यात, आषाढाच्या सुरुवातीलाच गोंदवून घ्यावा.